बिनप्लास्टरची भिंत

"सर, प्लास्टर कधी?"

वाटूरमध्ये रायभान सरांना हा प्रश्न विचारला नाही असा माणूस सापडणं कठीण. घर बांधलं तेव्हा विचारत होते, सर निवृत्त झाले तेव्हाही विचारत होते. सुरुवातीला सर समजावून सांगायचे, की घर पुरं झालंय, वीट उघडी ठेवायची हे आधीच ठरलं होतं. ऐकणारा मान डोलवायचा आणि निघताना दिलासा द्यायचा, "होईल, होईल. जल्दी करायची काय गरज हाय?" एकाने तर बाजूला घेऊन घरकुलाच्या यादीत नाव टाकू का असंही विचारलं होतं. माणूस चांगला होता, म्हणून जास्तच लागलं. पुढे सरांनी समजावणं सोडून दिलं. कोणी विचारलं की ते "बघू" म्हणायचे आणि चपला घालून दुसरीकडे जायचे.

सर तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातलं हे पोर तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेलं. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं, की पोरगा दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकून राह्यलाय. कॉलेजात एक शिक्षक खिडक्यांचे पडदे ओढून स्लाइड दाखवत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बाउहाउस नावाची शाळा निघाली, तिथं चित्रकार, सुतार, विणकर आणि घर बांधणारा एकाच छपराखाली शिकत होते. हॉलंडमधल्या काही चित्रकारांनी सगळं जग आडव्या-उभ्या रेषांत आणि मोजक्या रंगांत आणलं होतं, आणि तशाच खुर्च्या, तशीच घरंही करून पाहिली होती. वस्तूचं जे काम, त्यावरून तिचा आकार ठरावा. दगड दगडासारखा दिसावा, लोखंड लोखंडासारखं. वरून चढवलेली नक्षी म्हणजे करणाऱ्याच्या कष्टाची नासाडी आणि बघणाऱ्याची फसवणूक. हे सांगता सांगता एकदा पडद्यावर विटांचं एक घर आलं. सपाट छत, लांब सरळ भिंती, कमान नाही, कंगोरा नाही. रायभानला वाटलं, आपल्याशी कोणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं.

त्यानंतर आयुष्य गेलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत. एक घडा, दोन लिंबं, मागं चुरगळलेलं कापड, काढा स्थिरचित्र. स्वतःची चित्रं त्यांनी बरीच काढली, पण ती कुठं लागली नाहीत. ती चांगली नव्हती हे सरांना इतर कोणाच्या आधी कळलं होतं. भिंत मात्र जमली होती. रस्त्याकडची, दारापासून कोपऱ्यापर्यंतची. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी ती बांधून घेतली होती. एक वीट लांबीची, शेजारची आडवी. विटांच्या सांध्यात सिमेंट भरून ते सळईने खोलवर दाबून घेतलेलं. गवंडी याला दर्जा भरणं म्हणतात. दिवस कलला की त्या सांध्यांत सावली उतरायची आणि भिंत हाताने विणल्यासारखी दिसायची. आपण गेल्यावर आपल्या हातचं असं एवढंच राहील, असं सरांनी मनाशी धरलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं, मत वेगळं होतं. दर्जाच्या त्या खोबणींत धूळ बसे, गांधीलमाश्या घर करत, आणि ते सगळं झाडायला त्याच असत. "आवो, माझ्या बहिणी येतात तवा विचारतात, दाजींचं काम कुठवर आलंय? सगळी जिंदगी मी अर्ध्या घरात काढली. निदान एक देवळी तरी ठिवू द्यायची व्हती त्या भिंतीत. पणती ठिवायला."

"देवळी ठेवली असती तर रेष तुटली असती."

"रेषंला दिवा लावते मी आता!"

सर पेपर उघडून तोंडासमोर धरत.

इकडे गावाला दुसरंच काही लागलं होतं. त्याला म्हणत इलेव्हेशन. घर मागून कसंही असो, आत कसंही असो, समोरून इलेव्हेशन पाहिजे. सकाळी फाट्यावर पेपर आणायला निघालं, की सरांना हे सगळं ओलांडून जावं लागायचं. एका घरापुढं रोमन खांब. पीओपीचे, आतून पोकळ. वर छप्पर नाही, तुळई नाही, नुसते उभे, लग्नात कोणी ओळखत नसलेल्या पाहुण्यासारखे. त्याच्या पुढच्या घराच्या कठड्यावर घोड्यांची मुंडकी. नुसती मुंडकी, सोनेरी रंगाची, खाटकाच्या दुकानात मांडावीत तशी. त्याच्या पलीकडे पश्चिमेला तोंड करून सगळी निळी काच, आणि उन्हाने माणसं भाजतात म्हणून आतून चादरी बांधलेल्या. एकाने पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची केली होती. त्या विमानाच्या पोटातून पाणी गळून शेवाळाचा ओघळ भिंतीवर उतरला होता. पोपटी भिंतीवर जांभळी पट्टी, तिच्यावर चकचकीत पत्रा, पत्र्यावर रात्रभर पळणारे दिवे. सरांना ते बघून चीड येत नसे. किळस येई, ताटात केस निघाल्यासारखी. एकदा तर त्यांनी खरोखर रुमाल नाकाला लावला होता, आणि घरमालकाला वाटलं गटाराचा वास येतोय. बिचारा माफी मागू लागला.

हे सगळं करणारा बबलू सरांचाच विद्यार्थी. संकल्पचित्रात तो नेहमी कोयऱ्या काढायचा, दिलेला विषय कोणताही असो. आता त्याच्या मोबाइलमध्ये शेकडो घरं होती. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, बबलूने ते चिकटवायचं.

नातीची, प्रांजलीची सोयरीक जुळायला आली आणि ही किळस सरांच्या दारात आली. मुलगा अंकुशनगरचा, त्याचे वडील सर्जेराव कारखान्यात नोकरीला. मुलगी पसंत होती. आता ते घर पाहायला येणार होते. प्रांजलीचा बाप, म्हणजे सरांचा मुलगा आदिनाथ, जालन्यात मस्तगडला राहायचा, त्याचं तिथं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. पण सोयरीक मूळ घरी, वाटूरलाच व्हायची होती. तो येऊन बापासमोर बसला.

"नाना, पाहुणे काय म्हणतील? यांच्या घराला अजून प्लास्टर न्हाई."

"भिंतीला हात लावायचा नाही."

"सगळा खर्चा माझा."

"खर्चाचं मी बोललो का? हात लावायचा नाही, बस."

आदिनाथ उठून गेला. प्रांजली तिथंच होती. ती संभाजीनगरला इंटिरिअर डिझाइन शिकली होती; आपल्या बाजूने बोलेल तर हीच, असा सरांचा हिशेब.

"आबा, एक विचारू? रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्या आजोबांच्या घरात वीट होती का?"

"कुठली? माळवद होतं. मातीचं."

"गावात कोणाकडं होती?"

"नसेल."

"मंग ही आपल्याकडं कुठून आली?"

"कॉलेजात स्लाइड पाहिली होती."

"म्हणजे तुम्ही पडद्यावरून आणली आणि बबलूदादा मोबाइलवरून आणतो." ती हसली. "आम्हाला शिकवलंय, आबा. तुमचं मॉडर्न केव्हाच संपलं. त्याच्यानंतरच्या लोकांनी म्हटलं, की लोकांना खांब आवडतात, कमानी आवडतात, तर असू द्या. घर हे पाटीसारखंसुद्धा असतं, मालक कोण ते सांगतं. तुमची भिंत पण सांगतेच की! आम्ही साधे, आम्ही शिकलेले. तो पण देखावाच झाला ना?"

पोरीच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. उत्तर सुचलं ते जेवताना: पोरी, माझ्या विटांवर छत टेकलंय, बबलूच्या खांबांवर काहीच टेकलेलं नाही. पण तोवर ती फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलत होती. सरांनी घास तसाच ताटात ठेवला. त्यानंतर काही दिवस त्यांना स्वतःच्या भिंतीकडेही धड बघवेना. जर्मन घराची नक्कल, मराठवाड्याच्या उन्हात उभी केलेली. रोमन खांबाची सख्खी बहीण. असं मनात यायचं आणि तोंड कडू व्हायचं.

त्यातच डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. आदिनाथ त्यांना जालन्याला घेऊन गेला, ऑपरेशन झालं, आणि धूळ नको म्हणून सर मस्तगडलाच राहिले. आदिनाथने खूप केलं. वेळेवर थेंब, वेळेवर जेवण. पण मधून मधून तो फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा. दुकानाचं असेल, असं सरांना वाटलं.

वाटूरला परतले तेव्हा नवा डोळा लख्ख झाला होता. गाडी दारासमोर थांबली. सरांनी काळा चष्मा काढला आणि भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर विटा होत्या. पण त्यांच्या नव्हत्या. सगळ्या सारख्या, सगळ्या एकाच तांबड्या रंगाच्या, आणि त्यांच्यावर तेलकट चकाकी. सर जवळ गेले. एका विटेच्या कोपऱ्यावर टवका उडाल्याची खूण होती. तशीच खूण शेजारच्या विटेवर, तशीच तिच्या पलीकडच्या विटेवर. छापलेला टवका. सांध्यांत सावली नव्हती. सावलीच्या जागी करडी रेघ छापली होती. विटांच्या चित्राच्या त्या टाइल होत्या. आधी भिंतीला प्लास्टर केलं होतं, दर्जाची एकेक खोबण बुजवली होती, आणि त्यावर त्या चिकटवल्या होत्या.

"नाना," आदिनाथ मागून म्हणाला. त्याच्या आवाजात लहान पोराची खुशी होती. "बबलू पत्रा लावा म्हणत व्हता. म्या म्हणलो, बिलकुल न्हाई. आमच्या नानाला वीटच आवडती. ह्या टाइल पार गुजरातेत, मोरबीहून मागवल्यात. तुमच्या पसंतीचंच झालं ना?"

"हात लावायचा नाही म्हणालो होतो मी."

"भिंत कुठं तोडली? वरून तर लावलंय. आत तुमच्या विटा आहेत तशाच हायेत."

वच्छलाबाई दारातून बोलल्या, "त्याला काय बोलता? म्याच हो म्हणले. आता बघा, फडकं मारलं की बराबर पुसून निघतं."

सरांना उमाळा आला, तो रडण्याचा नव्हता. ते मोरीत जाऊन ओकले. प्रवासाने पित्त झालं, असं घरच्यांनी ठरवलं आणि त्यांना लिंबू-साखर दिली.

खांब, घोडे, विमानाची टाकी, सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. त्यांत निदान दुसरं काही झाकलेलं नव्हतं. इथं खऱ्या विटेला गाडून तिच्या छातीवर तिचाच फोटो लावला होता. आणि तोही प्रेमाने. सरांना राग करायला जागाच ठेवली नव्हती.

पाहुणे आले. सर्जेराव बोलका माणूस. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी कमरेवर हात ठेवून घर न्याहाळलं. "वा! काय विटा हायेत! एकदम अस्सल वाटत्यात हो सर!"

आदिनाथ खुलला. चहा आला, मुलीकडच्या, मुलाकडच्या गोष्टी झाल्या. निघण्याआधी सर्जेराव पुन्हा अंगणात गेले. भिंतीवर हात फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं. एका ठिकाणी डबडब आवाज आला. त्यांनी परत ठोकलं. पुन्हा डबडब.

"हे पोकळ वाजतंय की," ते म्हणाले. हसू तसंच होतं, पण डोळे बारीक झाले. "आत काय हाय? जुनी कच्ची भिंत हाय काय? ओल झाकायला तर न्हाई ना लावलं? न्हाई, आमच्या कॉलनीत एकानं असंच केल्तं. सोयऱ्यासमोर टाइल, आत सगळा चिखल."

आदिनाथचा चेहरा उतरला. "न्हाई हो, आत... आत पक्की वीट हाय."

"वीट?" सर्जेराव वळले. "विटंवर वीट? ते कशापायी?"

त्यांच्या बायकोच्या तोंडाला पदर गेला. हसू फुटायच्या बेतात होतं. प्रांजली खिडकीत उभी होती, आणि तिने खाली पाहिलं. आदिनाथने बापाकडे पाहिलं.

सरांच्या जिभेवर सगळं तयार होतं. स्लाइड, जर्मनी, दर्जा, सावली. ही भिंत खरी आहे आणि तुम्ही जिची वा वा केली ते सोंग आहे. अशी संधी पुन्हा कधी येणार होती? ऐकून घ्यायला माणूस समोर उभा होता, आणि त्याने स्वतः विचारलं होतं. पण ते सांगितलं की मुलगा खुळा ठरत होता, आणि पोरीचं माहेर हसण्यावारी जात होतं.

"माझीच पसंती," सर म्हणाले. "जुन्या विटा दिसायला बऱ्या नव्हत्या. म्हणून मीच सांगितलं, वर चांगल्या लावा."

"मंग ठीक हाय!" सर्जेराव मोकळं हसले. "सर पडले ड्रॉइंगचे. त्यांच्या पसंतीला आपण काय बोलणार? आमचं पण समोरचं करायचंच हाय. कोणी केलं हे? माणूस चांगला हाय का?"

"बबलू," सर म्हणाले. "माझाच विद्यार्थी. हाताला सफाई आहे त्याच्या."

सोयरीक ठरली. सर्जेरावांनी सरांचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले, गाडी वळली, फाट्याकडे गेली. आदिनाथ धावत आला.

"नाना, काय बोललात! एकदम भारी. मला वाटलं आता संपलं."

"हं."

"आवडलंय ना मंग तुम्हाला? खरं सांगा."

"चांगलं आहे," सर म्हणाले, आणि अंगणातल्या नळापाशी गेले. नळ सोडून त्यांनी चूळ भरली, थुंकली. मग आणखी एक. वच्छलाबाईंनी दारातून ओरडून विचारलं, पुन्हा पित्त झालं काय? त्यांनी हाताने नाही म्हटलं आणि परत ओंजळ नळाखाली धरली.