सुदामने उघडलेली गाडी

सुदाम गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपवर कळलं. शाळेतून येऊन चहा पीत बसलो होतो. त्याचा हार घातलेला फोटो, आणि खाली हात जोडलेल्यांची ही लांब रांग. देवमाणूस गेला, असा मिस्त्री पुन्हा होणे नाही, वगैरे वगैरे. मी चहा संपवला. खोटं कशाला लिहू, मला रडू आलं नाही. त्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी दुकानातून हाकलून दिलेलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, म्हणून त्याच्यावर लिहायची गळ या पेपरवाल्यांनी मला घातली. गोड लिहिणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पांढरकवड्याहून केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं टिनाचं शेड. दुचाकी गाड्यांचं पुढचं काम, म्हणजे शॉकअप आणि हँडलखालचा कोनसेट, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी वैरी म्हणून सांगतो, त्यामुळे खरं समजा. गाडी आली की ती मधल्या स्टँडवर घ्यायची, पुढचं चाक अधांतरी करायचं, समोर उकिडवं बसून दोन्ही शॉकअप खालून धरायचे आणि मागेपुढे हलवायचे. टक् असा आवाज आला की तो नाक फेंदारायचा. मग हँडल अगदी हळू, दोन बोटांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. मधोमध जरा जरी अडकलं तरी निकाल लागला. हँडल ज्या वाट्यांमध्ये छर्ऱ्यांवर, म्हणजे बारीक पोलादी गोळ्यांवर फिरतं, त्या वाट्यांना खड्डे पडलेले असायचे. नवा सेट बसवून झाला की हँडल आपल्याच वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे आणि टक् मात्र होता कामा नये, अशी त्याची परीक्षा. त्यात गाडी नापास झाली तर पुन्हा खोलायचा, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो.

आणि जीभ? जिभेला हाड नव्हतं त्याच्या. बँकेतल्या एका साहेबाने सगळ्यांदेखत "फक्त नट कसून दे" म्हटलं, तर सुदामने त्याची गाडी ढकलत रस्त्यापलीकडे नेऊन उभी केली. "साहेब, कसून घ्याचं असंन तं तिकडं पाहा. माह्या हातानं नाही होत हे पाप." साहेब लालबुंद झाला. लोक हसले. मीही हसलो, कारण तेव्हा माझी पाळी आली नव्हती.

माझी पाळी आली अकरा वर्षांपूर्वी. माझ्या गाडीचं हँडल काही दिवसांपासून रस्त्यावर पोहल्यासारखं करत होतं. सुट्टीचा दिवस होता, सकाळी अकराच्या सुमाराला मी ती सुदामकडे नेली. त्याने हलवून पाहिली, नाक फेंदारलं आणि म्हणाला, "अबे मास्तर, खिळखिळी करून आनली बे गाडी." तेवढ्यात मोठ्या भावाचा फोन आला. आमचं गाव झरी जामणीच्या पार आतल्या अंगाला, जंगलाला लागून. माय तिथे भावाजवळ राहायची. भाऊ एवढंच बोलला, "माय तुही वाट पाहून राह्यली. निंघ लवकर." गाडीने दीड तास. एस.टी. दोनची, आणि तीही फाट्यापर्यंतच... तिथून पुढे सात-आठ किलोमीटर पायी.

मी म्हटलं, "सुदाम, नट कस आणि दे. मायचं काही खरं नाही."

"कसलं का ते मधात अडकते. तुह्या वाटंवर घाटाची वळनं हायत. वळनावर हँडल फिरलं नाही तं सरळ दरीत जाशीन."

"मी हळू जाईन."

"मायच्या फोनवर निंघालेला मानूस हळू जाते काय बे? मले शिकवतं?"

मी किल्लीला हात घातला. आणि तेव्हा त्या माणसाने जे केलं, ते मी आजही विसरलेलो नाही. त्याने पाना लावला, हँडलवरचा मोठा नट फिरवला, हँडल उचललं आणि खालचे छर्रे सगळे रॉकेलच्या ताटलीत पाडले. खळखळ आवाज झाला. "जाय आता," तो म्हणाला. सुटे छर्रे ताटलीत आणि माझी माय तिकडे. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याच्या बापाचा उद्धार केला. आणि तिथून चालत एस.टी. स्टँड गाठलं.

मी पोचलो तेव्हा माय जाऊन तास झाला होता. भावजयीने सांगितलं, ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती, दर थोड्या वेळाने विचारायची, गाडीचा आवाज आला का म्हणून. हे वाक्य मी अकरा वर्षं छातीवर धोंड्यासारखं बाळगलं, आणि तो धोंडा प्रत्येक वेळी सुदामच्या डोक्यात घातला. शाळेत, लग्नात, पानठेल्यावर, जिथे चार माणसं भेटतील तिथे मी सांगत आलो की या मिस्त्रीने गाडी उघडून टाकली आणि मला मायचं तोंड पाहू दिलं नाही. लोक चुकचुकायचे. काहींनी त्याच्याकडे जाणं सोडलं.

मायच्या तेरवीला तो आला होता. माझी गाडी नवा कोनसेट टाकून घेऊन आला, आणि जुने सुटे भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची त्याची पद्धत, म्हणून त्या जुन्या वाट्याही कागदात बांधून. वाट्यांना खोल खड्डे होते, बोट फिरवलं तर अडत होतं. मी त्या त्याच्यासमोर उकिरड्यावर भिरकावल्या. भावाने भर पंगतीत त्याची लाज काढली, "आमच्या मायच्या मरनाले तूच आडवा आला." सुदाम खाली पाहत उभा राहिला. ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो हूं की चूं करेना. पाणीसुद्धा न पिता गेला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी त्याच्याकडून एका शब्दाची वाट पाहत राहिलो, चुकलो म्हणेल. तो कधीच म्हणाला नाही.

मागच्या महिन्यात त्याची तेरवी झाली. गेलो, कारण न जाणं दिसलं असतं. जेवणं चालली होती. त्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणतो, माझ्या पानाजवळ येऊन बसली. अंगणात त्याची स्वतःची गाडी जुन्या लुगड्याने झाकून ठेवलेली होती, तिच्याकडे पाहत ती म्हणाली, "भाऊजी, एक गोष्ट मनात राह्यली. त्या दिसी ह्यायची स्वतःची गाडी दुकानापुढंच उभी होती. हे तुमाले काहून नाही देली त्यायनं? मी किती खेपा इचारलं. नुसतं चुकलं माहं म्हनत अन् उठून जात."

हातातला घास मी परत पानात ठेवला.

"जाऊ द्या वहिनी," मी म्हटलं. "झालं ते झालं. माझ्या मनात आता काही नाही." तिने डोळ्याला पदर लावला. बाजूचे दोघे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले.

तर हे सगळं वर लिहिताना मी मधला एक क्षण गाळला आहे. अकरा वर्षं तो गाळतच सांगत आलो. छर्रे ताटलीत पाडल्यावर "जाय आता" म्हणताना सुदामने खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली होती. "माही घेऊन जाय. टाकी भरून हाय." मी त्याच्या हातावर फटका मारला. किल्ली मातीत पडली. तुझ्या गाडीवर थुंकणार नाही, असं म्हणालो आणि निघालो. तो ती किल्ली उचलून रस्त्यापर्यंत माझ्यामागे आला होता. मी वळून पाहिलं नाही.

मला अजूनही त्याचा राग आहे. भर पंगतीत एका वाक्यात तो मला उघडं पाडू शकत होता, आणि त्याने ते केलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हा पेपर तुमच्या घरी येतो, वहिनी, मला ठाऊक आहे. त्याने गाडी दिली होती. मी घेतली नाही.