बिनविरोध गावाची उमेदवार

आमच्या गावाने त्सुरुए इवाकीचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला, पण तिचं म्हणणं कधी ऐकलं नव्हतं. निवडणूक आली की ती नगराध्यक्ष ओनोदेरांच्या प्रचारगाडीत बसायची आणि भातशेतांमधून त्यांचं नाव घेत फिरायची. मी उभी हयात फिरत्या नाटक मंडळीत काढली. असा न थकणारा गळा रंगमंचावरही विरळाच. पुढे गावात विरोधकच उरला नाही. ओनोदेरा बिनविरोध निवडून येऊ लागले आणि गाडी निघेनाशी झाली.

तसा विरोधी पक्ष होता. त्याचे कुरामोचीसान दर खेपेला उमेदवार शोधत दारोदार चहा पीत आणि शेवटी ओनोदेरांनाच पाठिंबा देऊन मोकळे होत. एकदा माझ्याकडेही आले. मी म्हटलं, राजे पुष्कळ केले मी, पण सगळे तिसऱ्या अंकात मेले.

यंदा डोंगराकडची बस बंद झाली. त्सुरुएचा नवरा त्याच बसने डायलिसिसला जायचा. ती विचारायला गेली, तेव्हा ओनोदेरा गोड हसून म्हणाले, लोकांची तक्रार असती तर माझ्याविरुद्ध कुणी उभं नसतं का राहिलं? ते तिच्या जिव्हारी लागलं. तशीच ती कुरामोचींकडे गेली.

"धीर धरा ताई. पुढच्या खेपेला चांगला माणूस मिळेल," ते म्हणाले.

"चांगला म्हणजे कसा? टाय बांधणारा?"

अर्ज भरायच्या दिवशी पाचपर्यंत दुसरा अर्ज आला नाही, तर मतदान होतच नाही. ओनोदेरांच्या कार्यालयात आम्ही सगळे जमलो होतो. जयघोष खणखणीत व्हावा म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. मधोमध लाल दारुमा बाहुला. नवस बोलताना त्याचा एक डोळा रंगवतात, पावला की दुसरा. पाहुण्या आमदारांना लवकर निघायचं होतं, म्हणून पाच वाजायच्या आतच ओनोदेरांनी ब्रश उचलून दुसरा डोळा काळा केला. आम्ही हात उंचावून 'बान्झाई' म्हटलं, तोच नगरपालिकेतून फोन आला. दुसरा अर्ज आला होता.

"पुसा तो डोळा," कुणीतरी पुटपुटलं.

"देवाचा डोळा फोडता?" दुसरा करवादला.

मला हसू आवरेना. मी बाहेर पडलो आणि थेट नगरपालिकेपाशी गेलो. त्सुरुए पायऱ्या उतरत होती. मागून ओनोदेराही धापा टाकत आले.

"त्सुरुएसान, हरणार आहात, ठाऊक आहे ना?"

"हरेन की. पण या खेपेला मतं मागायला तुम्हाला डोंगर चढावा लागेल. बस नाहीये, चालत या."

ओनोदेरा आले मोटारीनेच, पण आले. वरच्या वस्तीत म्हाताऱ्यांनी त्यांना ओसरीवर बसवलं, मुळ्याचं लोणचं पुढे केलं आणि बसचंच विचारलं.

ती हरली. पण तिच्या मतांचा आकडा वाचताना अधिकाऱ्याने दोनदा चष्मा पुसला.

हरलेल्याने वाकून, मीच कमी पडलो म्हणत माफी मागायची, ही आमची रीत. कुरामोची आयत्या वेळी तिच्या बाजूला येऊन उभे राहिले होते. ते कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्सुरुए ताठ उभी.

"माफी कशाची मागू?" ती म्हणाली. "मत देणाऱ्यांनो, आभार. न देणाऱ्यांनो, चार वर्षांनी पुन्हा येते. आणि कुरामोचीसान, तुम्ही उठा आता. उद्यापासून दारोदार फिरायचंय, पण चहा न पिता."