समितीच्या बसमागून, मरोळ ते मुलुंड

स्पितीवर लिहिलं, भूतानवर लिहिलं, आणि तुम्ही लोकांनी ते प्रेमाने वाचलंत. या खेपेचा प्रवास मात्र एका दिवसाचा, उपनगरातल्या उपनगरात, आणि कुणी मुद्दाम करावा अशी शिफारस मी करणार नाही. खाणंपिणं धरून पाचशेच्या आत भागलं. पायात चांगले बूट हवेत आणि सोबत पाण्याची बाटली.

निघायचं ठरलं ते ताईच्या फोनमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. मुलुंडला हायवेच्या एका बाजूला तिचं घर आणि दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपीचं केंद्र. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिथे जायचं, नाहीतर गुडघा आखडून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. मधे पादचारी पूल आहे आणि पुलाच्या दोन्ही टोकांना लिफ्ट आहेत. त्या बसवल्या, ठेकेदाराचं बिल निघालं, पण वीज कुणाच्या मीटरवरून घ्यायची यावर दोन खाती भांडत राहिली आणि लिफ्ट कधी चालल्याच नाहीत. जिना ताईला झेपत नाही; राहत्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणून ती घराबाहेर तरी पडते. रिक्षावाले एवढ्या लांबच्या वळशाला यायला तयार नसतात. तीनदाच्या जागी एकदा, कधी तेही नाही, असं चाललं होतं.

"अरे, त्या लिफ्ट बघायला दिल्लीहून खासदार येतायत म्हणे," ताई म्हणाली. "तुझ्याच ऑफिसचं काम ना ते? मला भेटव ना त्यांना."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंजूर झालेला पैसा खरंच कामी आला का, हे तपासायला खासदारांच्या समित्या असतात. लेखापरीक्षक आक्षेप काढतात, समिती खात्याला जाब विचारते, आणि कधीकधी स्वतः जागेवर येऊन बघते. या लिफ्टवर असाच आक्षेप निघाला होता. समितीने तो लावून धरला तर खात्याला वीज द्यावीच लागते. समितीचं समाधान झालं तर आक्षेप बंद आणि फाईलही बंद. ताईचा गुडघा समितीच्या अर्ध्या तासाच्या भेटीवर लटकला होता.

हे मला इतकं पाठ आहे, कारण नोकरीची शेवटची बारा वर्षं मी या दौऱ्यांची व्यवस्थाच पाहत होतो. बस कुठल्या रस्त्याने न्यायची, कुठे थांबवायची, कुठे थांबवायची नाही, सगळं मी ठरवायचो. देवनारचं डंपिंग ग्राउंड यादीत असलं तर ते जेवणानंतर ठेवायचं, म्हणजे वेळ संपतो आणि आपोआप गळतं. नकाशाचा स्टँड असा उभा करायचा की साहेबलोक नकाशाकडे बघतील आणि कामाकडे त्यांची पाठ होईल. या गोष्टी मी ताईकडे रविवारी मटणाच्या ताटावर रंगवून सांगायचो. तिची सगळ्यात आवडती गोष्ट पंपाची होती. एका पंपिंग स्टेशनला वीजजोडणीच नव्हती, तर मी दोन गल्ल्या सोडून ताडपत्रीखाली भाड्याचा जनरेटर लपवला आणि समितीसमोर पंप धो धो चालवून दाखवला. अध्यक्षांनी शाबासकी दिली होती. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

आता ते काम सरिता करते. माझ्याच हाताखाली तयार झालेली, हुशार बाई. मी तिला फोन केला. म्हटलं, माझी बहीण तिथेच राहते, तिला अध्यक्षांशी दोन मिनिटं बोलू दे.

"सर, तुमचा शब्द मोडेन का मी?" ती म्हणाली. "लाभार्थी म्हणून घेते त्यांना. नाहीतरी एक महिला लागतेच."

लाभार्थी म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं का? ज्याला फायदा झालाय, असा एक साधा माणूस समितीपुढे उभा करायचा, ही पद्धत मीच पाडली. पण म्हटलं, कसली का पाटी लागेना, ताई अध्यक्षांपुढे उभी तर राहील. बोलायला ती काही घाबरत नाही.

दौऱ्याच्या दिवशी सकाळी मरोळपासून सुरुवात होती. मी राहतोच तिथे, म्हणून ठरवलं की बसच्या मागोमाग जायचं. निवृत्तीनंतरची हौस समजा. औद्योगिक वसाहतीतल्या ज्या रस्त्यावर एरवी हातगाड्या आणि टेम्पो आडवे लावलेले असतात, तो झाडून लख्ख केला होता. कडेला काळे-पिवळे पट्टे, अजून ओले. हारीने मांडलेल्या कुंड्या. त्यातल्या एकीची कडा फुटलेली होती आणि फूट लपवायला ती भिंतीकडे वळवून ठेवली होती. नाक्यावर चहा घेतला.

"काय शेठ, कोण येतंय?" मी चहावाल्याला विचारलं.

"कोण पण येऊ दे. तीन दिवस धंद्याची वाट लागलीय. दुपारनंतर या, सगळं होतं तसं होणार."

वातानुकूलित बस आली, सात-आठ खासदार उतरले, सगळे नकाशापुढे उभे राहिले. वीस मिनिटांत बस निघाली. ती वळायच्या आत दोघांनी कुंड्या टेम्पोत चढवल्या आणि टेम्पो बसच्या पुढे निघून गेला.

मरोळ नाक्यावरून घाटकोपरला मेट्रोने जावं. रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त, थंड, आणि खालचा साकीनाक्याचा चिखल वरून बघायला मिळतो. घाटकोपरला समिती एका रुंद केलेल्या नाल्याचं काम बघणार होती. मी पोचलो तर नाल्याच्या कठड्याशी तीच फुटक्या कडेची कुंडी, तशीच पाठ फिरवून. मला हसू आलं. मग लक्षात आलं की टेम्पो आधी, बस नंतर, ही माझीच शिस्त आहे, आणि हसू गेलं. समिती जेवायला हॉटेलात गेली. मी खाऊगल्लीत डोसा खाल्ला, उत्तम होता, गर्दी टाळायची तर दुपारीच जा.

तिथून एलबीएस मार्गावरची बस धरली. खड्डे मोजत मोजत भांडुप गेलं आणि मुलुंड आलं. पुलापाशी ताई केव्हाच येऊन बसली होती. इस्त्रीची सुती साडी, हातात काठी आणि पिशवीत अर्ज. सरिताने तिला खुर्ची दिली होती, गुलाब दिला होता. पलीकडे लिफ्टचं दार उघडं, आत दिवा लागलेला. ताई त्याकडे बघतच राहिली होती.

"ही सुरू झाली रे?" तिने विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. वडाच्या झाडामागे ताडपत्री टाकलेली होती आणि तिच्या खालून जाडजूड केबल निघाली होती. ताईला मी काही बोललो नाही. बस येतच होती.

अध्यक्ष चांगले गृहस्थ वाटले. नकाशा बघून झाल्यावर स्वतःहून ताईकडे आले, नमस्कार केला, आणि म्हणाले, "चलिए, साथ चलते हैं." लिफ्ट वर गेली. मी जिन्याने धापा टाकत गेलो. पुलावरून सगळे चालत पलीकडे आले, दुसऱ्या लिफ्टने खाली उतरले. खाली बस तयारच होती. अध्यक्षांनी विचारलं, "लिफ्ट चालती है ना, माताजी?"

ताई म्हणाली, "आज चालतेय, साहेब. एरवी बंदच असते. उद्या न सांगता या आणि मग विचारा मला."

ती मराठीत बोलली. भाषांतर सरिताने केलं. "कहती हैं, चल रही है, सर." समितीच्या सचिवालयातल्या माणसाने वहीत लिहून घेतलं. अर्जही सरितानेच घेतला, अदबीने, दोन्ही हातांनी, आणि आपल्या फोल्डरमध्ये ठेवला.

मी तीन हातांवर उभा होतो. हिंदी मला येते. एक वाक्य बोलायला काय लागतं? पण हात पाठीमागे बांधून एक पाऊल मागे उभं राहायची सवय इतक्या वर्षांची, तोंड उघडलंच नाही. लाज वाटते लिहायला, पण हेच झालं. बस गेली.

ताईला अजून वाटत होतं की आपण बोललो ते पोचलं. "आता या बाजूला आलेच आहे तर व्यायाम करून घेते," ती म्हणाली. सरिताला विचारलं, "तासाभरात येते गं. लिफ्ट असेल ना?"

"हो हो, मावशी. आरामात या."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. ती केंद्राच्या दाराकडे इतक्या उत्साहाने चालली होती की मला धीर झाला नाही.

तासाभराने आलो तर लिफ्टचं दार बंद, आत काळोख. कुंड्या नव्हत्या. इथल्या ताडपत्रीचीही घडी घालून झाली होती आणि चार माणसं या बाजूचा जनरेटर टेम्पोत ढकलत होती. ताई काठीवर भार टाकून बघत उभी राहिली. तिचं घर समोर दिसत होतं, तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेला तिचा टॉवेलसुद्धा.

सात रिक्षावाले नाही म्हणाले. आठवा जालन्याकडचा निघाला, आमच्या वडिलांच्या गावाजवळचा. ताईने जय भीम केला, तो म्हणाला, "बसा, आई." वळसा घालून घरी पोचायला पाऊण तास गेला. ताईने गुलाब रिक्षातच ठेवला.

"तो पंपाचा जनरेटर," इमारतीच्या दाराशी ती म्हणाली, "त्या वस्तीत नंतर पाणी भरलं असेल ना रे?"

"भरलं असेल."

"मी किती हसायचे. परत परत सांगायला लावायचे तुला."

घरी मरोळला परतलो. रस्त्यावर हातगाड्या परत आल्या होत्या. ओल्या पट्ट्यांवरून टेम्पो गेले होते आणि पिवळा रंग नाक्यापर्यंत उमटला होता. फोनवर सरिताचा फोटो आला होता. लिफ्टमध्ये ताई, हातात गुलाब. खाली लिहिलं होतं, "सर, झकास आलाय. ताईंना पाठवा." मी पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी बसून समितीला सगळं खरं लिहिलं, माझ्या जुन्या हुद्द्यासकट, जनरेटरसकट. पोच आली. पत्र अभिप्रायासाठी संबंधित खात्याकडे पाठवलं आहे, असं त्यात होतं. खात्यात असे अभिप्राय सरिता लिहिते. ते कसे लिहायचे हे तिला मीच शिकवलंय, तेव्हा काय लिहून जाईल ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

ताईने केंद्र सोडलं. घरीच पलंगावर पडून पाय हलवते. गुडघा आता पूर्ण वाकत नाही. मी अजूनही रविवारी जातो. मटण ती खुर्चीत बसून करते, वाढायला मी उठतो. जेवण होतं, टीव्ही लागतो. गोष्ट सांग, असं ती म्हणत नाही.