साडूंची स्पॅनिश

२००५ सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, सॅन अँटोनिओच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, माझ्या साडूंनी पंधरा डॉलरचा पक्ष्याचा पिंजरा चार डॉलरला मागितला. त्या वेळी मी, माझी बायको आणि पिंजरा विकणाऱ्या बाई हजर होतो. आमच्यापैकी कोणाकडेही पक्षी नव्हता. बाई स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, साडूंना स्पॅनिश येत नव्हती, आणि तरीही पाऊण तासाने सौदा सहा डॉलरवर ठरला. न येणाऱ्या भाषेत भांडून जिंकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, पूल बांधण्यात अठरा वर्षे घालवलेली. न्यू जर्सीतल्या त्यांच्या बहिणीने फार पूर्वी केलेल्या अर्जाचे ग्रीन कार्ड अचानक हातात पडले, तेव्हा त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली आणि ते एकटेच आले. न्यू जर्सीची थंडी आठवडाभर सोसून आमच्याकडे टेक्ससला उतरले, कारण इथला उन्हाळा त्यांना माहेरचा वाटला. रजा पुढच्या मार्चअखेर संपायची होती. तोवर इंजिनियरच्या लायकीचे काम मिळाले तर बायको आणि बारावीतली मुलगी इकडे येणार, नाही मिळाले तर साडू परत जाऊन त्याच टेबलाशी बसणार, असे दोघा नवराबायकोंचे ठरले होते.

आमचा पहिला वाद स्पॅनिशवरून झाला. शहरात पाट्या दोन भाषांत, बँकेत फोन केला तर दोन भाषांत आवाज, हे खरे. पण मी हिशेबाच्या कामातला माणूस. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर खुणा करून मी त्यांना दाखवून दिले, की त्यांच्या कामाच्या जाहिरातींत स्पॅनिश कुठेच सक्तीची नाही. फार तर 'येत असल्यास प्राधान्य' एवढेच लिहितात. साडूंनी चष्मा वर केला. "साडूभाऊ, मुलाकडचे म्हणतात ना, आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या? तसं आहे हे प्राधान्य." मी वर्तमानपत्राची घडी घातली.

कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग त्यांना पसंत नव्हता. वर्गात सगळे चुका करणारेच असतात, त्यांच्याकडून काय शिकायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यापेक्षा ते माणसे गाठत. आमच्या घरात कपडे धुण्याचे यंत्र असताना माझे धुतलेले शर्ट पिशवीत भरून ते कोपऱ्यावरच्या सार्वजनिक धुलाई केंद्रात जात, कारण तिथे बायका तासभर जागेवरून हलू शकत नाहीत. न्हाव्याकडे दर आठवड्याला जाऊन बसत. शेवटी कापायला केस उरले नाहीत, तेव्हा न्हाव्यानेच त्यांना सांगितले, की नुसते बसायला या, पैसे नकोत. बाजारात भाव करायचा तो बोलण्यासाठी, पण समोरचा कबूल झाला की वस्तू घ्यावीच लागे. त्यामुळे माझ्या गॅरेजात तीन जॅक, एक घोड्याचे खोगीर आणि तो पिंजरा येऊन बसला. गाडी उन्हात गेली. बायकोने बहिणीला फोनवर सांगितले, की तुझा नवरा नोकरी शोधतोय की दुकान काढतोय, ते जरा विचार.

त्यांचा वर्ण, मिशी आणि गळ्यातला रुमाल पाहून लोकांना ते मेक्सिकोचेच वाटत. एकदा बस थांब्यावर एका म्हातारबाईने त्यांना गाव विचारले. त्यांनी नागपूर सांगितले, तिथे संत्री होतात आणि ऊन फार असते, हेही सांगितले. बाई म्हणाल्या, माहीत आहे मला, माझा दीर तिकडेच राहतो. साडूंनी दिराची प्रकृती विचारली.

अर्ज जात होते, उत्तरे येत नव्हती. डिसेंबरपासून साडू जेवताना कमी बोलू लागले. फेब्रुवारीत पूल दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने बोलावले. मुलाखत घेणाऱ्या साहेबांचे आडनाव अस्सल स्पॅनिश होते, त्यामुळे साडूंनी स्वागताचे एक लांबलचक भाषण बसवले, त्यात साहेबांच्या वाडवडिलांचाही आदराने उल्लेख होता. मी गाडीत बसून राहिलो. तासाभराने ते बाहेर आले आणि पट्टा लावता लावता म्हणाले, "गेली नोकरी."

मग सगळे सांगितले. भाषण ऐकून साहेब कानापर्यंत लाल झाले होते. त्यांना स्पॅनिश येतच नव्हती. त्यांच्या वडिलांना लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून वडिलांनी मुलांना ती शिकवलीच नाही. घरात एकट्या आजीला येते, नव्वदीच्या आहेत, आणि त्यांना इंग्रजी येत नाही. यावर दुसऱ्या कोणीही विषय बदलला असता. आमच्या साडूंनी विचारले, मग तुम्ही आजीशी बोलता कसे? साहेब म्हणाले, आम्ही दोघे टीव्ही बघतो. मग साहेबांनी कडक उन्हात काँक्रीट कसे घालता असे विचारले, आणि साडूंनी पहाटेचे काम, खडीवर मारायचे पाणी, मिश्रणातला बर्फ, ओले गोणपाट, सगळे सांगितले. पण मन त्यात नव्हते.

घरी पोचल्यावर मी ओंकारला, माझ्या मुलाला, काकांना पाणी दे म्हटले. तो म्हणाला, "इन अ मिनिट, बाबा." साडूंनी माझ्याकडे पाहिले नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

मार्च उजाडला तेव्हा त्यांनी बॅग कपाटावरून खाली काढली होती. दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. नोकरी मिळाली ती काँक्रीटवर. स्पॅनिशचा त्यात काही संबंध नव्हता, म्हणजे माझे म्हणणे बरोबर ठरले. मी ते एकदाच बोलून दाखवले. त्याच फोनमध्ये साहेबांनी, कामाचा भाग नाही हे आधी सांगून, रविवारी आजीकडे याल का असे विचारले होते.

त्या रविवारी मीच त्यांना सोडायला गेलो. आजींनी साडूंचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. विहीर, एक चुलत भाऊ, नदीला आलेला पूर, असे काय काय. साडू हसत होते, मध्येच हरकत घेत होते, आणि मोडक्या इंग्रजीत बाजूला सांगत होते. साहेब पुढे वाकून दर वाक्यानंतर विचारत होते, काय म्हणाली? काय म्हणाली ती? नागपूरचा माणूस सॅन अँटोनिओच्या आजीला तिच्या नातवापर्यंत पोचवत होता. मी बराच वेळ दारात उभा होतो. नंतर साडू दर रविवारी जात राहिले.

राजीनामा मात्र त्यांनी चार दिवस लिहिला. एका ओळीचा मजकूर, पण कागद पुन्हा पुन्हा घेत. मुलीला फोनवर इकडच्या कॉलेजांविषयी उत्साहाने सांगायचे आणि फोन ठेवला की खिडकीशी जाऊन बसायचे. शेवटी एका संध्याकाळी सही केली आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, माझं टेबल कोणाला दिलं असन हो? खिडकीजवळचं होतं."

नोटिशीऐवजी एका महिन्याचा पगार सरकारजमा करावा लागतो. ती रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बायकोने नागपूरच्या कार्यालयात रोख भरली आणि पावती घेतली.