वूफरनानांची खुर्ची

वूफरनाना कुणाच्याही घरी गेले की आधी टाळी वाजवायचे. चहा नंतर, पाणी नंतर. हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी, मग मान तिरकी करून कानोसा, आणि मग निकाल. "तुमच्या हॉलला दम न्हाई राव. आवाज नुसता घुमतोय." आमच्या वास्तुशांतीलाही त्यांनी भटजींच्या देखत टाळी वाजवून आमचा हॉल नापास केला होता. मोशीतल्या आमच्या इमारतीत त्यांची नि आमची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्या हॉलला किती दम आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. संध्याकाळी त्यांनी सिनेमा लावला की आमच्या मांडणीवरची ताटं आपापसात बोलायला लागायची.

नाना चाकणकडचे. उभी हयात एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये गेली. पत्र्यावर धाडकन डाय, म्हणजे लोखंडी साचा, आपटणाऱ्या यंत्रांसमोर माणूस दिवसभर उभा राहिला तर त्याच्या कानांचं काय होतं, हे कंपनीला ठाऊक होतं. म्हणून ती कामगारांना कानात घालायला फोमचे नारिंगी बोळे द्यायची. नानांच्या शॉपमधल्या गड्यांनी ते कधी घातले नाहीत. प्रेसचा ठोका ऐकून काम करतो तो खरा ऑपरेटर, अशी तिथली मर्दुमकी. "कानात बोळं घालाया मी काय बाळंतीण हाय का?" असं नाना आम्हाला छाती फुगवून सांगायचे. मिळालेले बोळे मात्र त्यांनी टाकले नाहीत. न फोडलेल्या पाकिटांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाच त्यांच्याकडे होता. पुढे घरात स्पीकर आले तेव्हा त्यांनी ते बोळे कापून स्पीकरच्या पायांखाली लावले. फरशीला हादरा बसू नये म्हणून! कानापेक्षा फरशीची काळजी असलेला एवढा एकच माणूस मी पाहिला.

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. नानांनी सराउंड साउंडचा सेट आणला. पाच स्पीकर आणि छातीत धडधडणारे ठोके काढणारा एक वूफर; त्यांना ते नाव पडलं ते यावरूनच. दुकानाचा माणूस जोडून द्यायला आला होता, त्याला नानांनी वायरला हातसुद्धा लावू दिला नाही. "तू नुसता बघ, भावा." मग टेप घेऊन मोजमाप झालं आणि शेवटी त्यांनी कंपनीत करतात तेच केलं. कंपनीत ट्रॉलीची, कचऱ्याच्या डब्याची, प्रत्येक वस्तूची जागा जमिनीवर पिवळी पट्टी मारून ठरवलेली असते. नानांनी घरातल्या फरशीवर प्रत्येक स्पीकरभोवती पिवळ्या पट्टीचा चौकोन मारला. बरोबर मध्ये आणखी एक चौकोन, त्यांच्या खुर्चीचा. आवाज पाची बाजूंनी जिथे येऊन भेटतो ती जागा म्हणे ती. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही. एकदा माझी आई चुकून टेकली तर नानांनी तिला, "मावशे, ऊठ, ती कानवाल्याची जागा हाय," असं म्हणून उठवलं होतं.

या सगळ्यात नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, शिलाई मशीन उठली. ती हॉलच्या मागच्या खिडकीपाशी असायची. काकू इमारतीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या, आणि दुपारी त्या खिडकीपाशी बायकांचा दरबार भरायचा. काकूंना घरात तेवढंच एक राज्य होतं. पण मागच्या उजव्या स्पीकरची जागा नेमकी तिथेच आली. "हिच्या खडखडीनं माझा साउंड नासतो," म्हणून नानांनी मशीन धुण्याच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. तिथे दोन बायका उभ्या राहायच्या तर एकीला बादलीत पाय घालावा लागायचा. दरबार मोडला. काकूंनी बिस्किटांच्या डब्यातलं एक पाकीट फोडलं आणि सिनेमा सुरू झाला की त्या कानात नारिंगी बोळे घालून बसू लागल्या.

नानांचा सगळा तोरा कानावर होता. इमारतीत कुणाच्या पंख्याचा, मिक्सरचा, पाण्याच्या मोटारीचा आवाज बिघडला की ते न बोलावता जायचे, निदान करायचे आणि वर, "तुमचे कान नुसते चष्मा अडकवायला दिल्यात," असं सुनावून यायचे. हे कान कधीच गेले होते हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. लिफ्टमध्ये तरुण पोरं त्यांच्यासमोर आवाज न करता नुसते ओठ हलवायची आणि नाना गंभीरपणे, "व्हय, व्हय, बराबर हाय," म्हणायचे. नाना उतरून लिफ्टचं दार बंद झालं की पोरांच्या हसण्याने मजला दणाणून जायचा. लोक वाईट नव्हते. नानांनी ज्याला त्याला टोचून ठेवलं होतं, आणि आता लोक व्याजासकट परत करत होते.

मग वायरीचं घडलं. दिवाळीची साफसफाई करताना काकूंच्या झाडूने मागच्या उजव्या स्पीकरची वायर निसटली. परत कशी लावायची ते त्यांना कळेना. आता आपल्याला फाडून खाणार म्हणून त्या दिवसभर धसका घेऊन बसल्या. संध्याकाळी नाना खुर्चीत बसले, सिनेमा लावला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आज मागचा साउंड लई भारी लागलाय." काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या डाव्या स्पीकरची वायर आपल्या हाताने काढली. ही गोष्ट त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितली, म्हणजे आठवड्याभरात ती पार्किंगच्या वॉचमनलाही माहीत झाली.

त्यांच्याकडे सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. पूजा आटोपली, सगळ्यांच्या हातात शिऱ्याचा द्रोण आला आणि नानांनी टीव्ही लावला. त्यांचे कंपनीतले जुने सोबतीही आले होते. "डोळं मिटा समद्यांनी. हेलिकॉप्टर मागनं येणार आन् डोक्यावरनं फुडं जाणार." आम्ही डोळे मिटले. हेलिकॉप्टर पुढेच घरघरलं आणि पुढेच विझलं. मागे फक्त कुणाच्या तरी दाबलेल्या हसण्याचा आवाज होता. "गेलं का न्हाई?" नानांनी विचारलं. "गेलं, नाना!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. "मंग! कान लागत्यात त्याला." एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण शिऱ्याचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे बोट करून ते म्हणाले, "हिला इचारू नका. मशीन चालवून चालवून बहिरी झालीय ती."

काकूंनी पातेलं टीपॉयवर ठेवलं. शांतपणे मागे गेल्या, मागचा स्पीकर उचलला आणि वायरीचं सुटलेलं शेपूट लोंबत असलेला तो डबा नानांच्या मांडीवर आणून ठेवला. "दिवाळीपासनं दोन्ही बंद हायती." नाना डब्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणती?" काकूंनी पुन्हा सांगितलं. नानांनी कानामागे हात धरला. मग काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की खालच्या मजल्यावर कळलं. "दिवाळीपासनं बंद हायती! तुमाला कायबी ऐकू येत न्हाई!" एक जण हसला, मग सगळेच हसले. त्यांचे प्रेसशॉपचे सोबतीही हसले. खरं तर त्यांच्यातल्या निम्म्यांना काकू काय म्हणाल्या तेही समजलं नसावं.

त्यानंतर नानांनी सेट लावला नाही. टाळी वाजवणं बंद झालं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं तेव्हा मात्र जुना पीळ वर आला. "कानात बोळा घालनार न्हाई म्हंजे न्हाई." काकूंनी बाल्कनीतली मशीन ओढत आणली आणि स्पीकरच्या पिवळ्या चौकोनात नेमकी बसवली. बायका परत यायला लागल्या. पुढे खुर्चीत नाना पाठमोरे बसलेले असायचे आणि मागे बायका त्यांचीच नक्कल करून हसायच्या. बायका गेल्या की काकू एकट्याच बोलायच्या. सासूने काय केलं, माहेरी कधी जाऊ दिलं नाही, तापात असताना भाकऱ्या कशा थापायला लावल्या, सगळं त्या पाठीला सांगायच्या. भिंतीपलीकडे आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं. ज्याच्यासाठी होतं तो समोरच्या खिडकीबाहेरची नवी बांधकामं बघत बसलेला असायचा.

परवाच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, नाना त्या खुर्चीतच गेले. काकू मागे माझ्या बायकोचा ब्लाऊज शिवत होत्या. चहा घेऊन समोर आल्या तेव्हा त्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय.

मला नानांची दया कधी आली नव्हती. त्या दिवशी आली, आणि ती नानांपेक्षा काकूंचीच जास्त होती. लोक जमायच्या आधी त्या मशीनपाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आज सकाळपासनं माझंच मन फिरलं व्हतं भाऊ. त्यांना म्हनत व्हते, जाऊ द्या आता, लई झालं दोघांचंबी. मशीन नेते मी आत, तुमच्या वायरी कुणाकडनं तरी जोडून घेऊ. रागवू नका म्हनलं. लई येळ बोलत व्हते." मग त्यांनी विचारलं, "ऐकलं असंल का हो त्यांनी?"

"ऐकलं असेल, काकू," मी म्हणालो. त्या हॉलमध्ये डोळे मिटून खोटं बोलायची आम्हाला सवय होतीच.