पॅकिंगची शालन

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात दवाखान्यात नंबर लावून बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तिची लेक म्हणाली. पोटातलं दुखणं, कळलं तेव्हा फार पसरलेलं. आधी का दाखवलं नाहीस, म्हणून मी हॉस्पिटलात तिच्यावर चिडलेले, तर म्हणाली, "अगं, खाडा केला की काम जातं."

ठाण्यातल्या औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर पॅकिंगला. तिचे यजमान वसंतराव तिथेच मशीनवर. दोघांच्या पगाराच्या भरवशावर त्यांनी डोंबिवलीत घर घेतलं, आणि एका सकाळी मॅनेजर कर्णिकसाहेबांनी गेटवर उभं राहून कारखाना बंद झाल्याचं वाचून दाखवलं नि ते गाडीत बसून निघून गेले. आम्ही बायका पांगलो... कुणी पोळीभाजी केंद्रात, कुणी आजाऱ्यांची शुश्रूषा करायला, मी एका कापडदुकानात. वसंतरावांना मात्र दुसरं काही पटेना. वॉचमनची काठी धरणार नाही म्हणाले आणि घरात बसले ते बसलेच. शालन लोकांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागली.

काही वर्षांनी तिला मिळालेलं एक घर कर्णिकसाहेबांचं निघालं. बायको वारलेली, मुलगा परदेशात. साहेबांनी तिला ओळखलंही नाही. तिने हे फक्त मला सांगितलं होतं. पण एकदा ती तिथेच चक्कर येऊन पडली, वसंतराव आणायला गेले आणि दार उघडलं ते साहेबांनी. दोघं घरी परतली तेव्हा मी तिथे होते.

"ज्याने आपल्या पोटावर पाय दिला त्याला गरम पोळ्या वाढतेस?"

"वाढते. त्याच पोळ्यांवर आपली लेक शिकतेय. सोडू काम? तुम्ही जाता कुठे कामाला?"

वसंतराव कित्येक दिवस तिच्या हातचं जेवले नाहीत, पाव आणून खायचे. मग जेवायला लागले, पण त्या घरातलं बोलणं जे आटलं, ते तिच्या शेवटच्या दुखण्यातही परतलं नाही. ती उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघायची, ते खिडकीकडे...

परवा मी वसंतरावांना भेटायला गेले. ओटा कोरडा, डबा बाहेरून आलेला. तेवढ्यात शालनचा मोबाइल वाजला. वसंतरावांनी तो स्पीकरवर घेतला. पलीकडून थरथरता आवाज आला, "शालनबाई, आज येणार ना?" मी ओळखला. लेक हळूच म्हणाली, "त्यांना सांगितलंय गं, पण लक्षात राहत नाही. रोज करतात."

आता हे काय बोलतात, या भीतीने मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"आज सुट्टी घेतलीय तिने, साहेब," वसंतराव म्हणाले. फोन ठेवला, पदराने पुसावा तसा सदऱ्याने पुसला, आणि चार्जिंगला लावला.