सोळा आण्यांचा शोध

आमच्या शेजारच्या जॉबरकाकांना सापडणार नाही अशी वस्तू भिवंडीत अजून हरवायचीच होती. कारखान्यात ते लूम दुरुस्त करायचे, पण चाळीला त्यांची ओळख हरवलेलं हुडकणारे म्हणून. कुणाची किल्ली, कुणाचं रेशनकार्ड. काका आधी जागचे हलायचेच नाहीत. खडूनं जमिनीवर घर काढायचे आणि अंदाजानं सोळा आणे वाटायचे: फडताळाला सहा, गादीखाली चार, मोरीला दोन. जिथं आणे जास्त, तिथं पहिला हात. तिथं नाही मिळालं तर आणे कमी करायचे, पण सगळे कधीच पुसायचे नाहीत. "न्हाय दिसली म्हंजे तिथं न्हाय, असं कुठं हाय? आपलेच डोळे चुकले असतील," म्हणायचे. माझ्या आईची नथ त्यांनी दोनदा उपसून झालेल्या तांदळाच्या डब्यातूनच काढली आणि बक्षीस म्हणून चहात जास्तीची साखर मागितली.

मग त्यांच्याच कारखान्यात लूम चालवणारा त्यांचा धाकटा भाऊच निघून गेला. धागे तुटून कापड बिघडलं, म्हणून काकांनी त्याला साऱ्या शिफ्टसमोर थोबाडीत मारली होती. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर पडला, तो परतलाच नाही. काकांनी खडू घेतला. अंबाडीला मामा, म्हणून पाच आणे. कल्याणला दोस्त, म्हणून चार. पूर्णा, राहनाळ या जवळच्या गावांना एकेक. उरलेले कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. तीन वर्षं दर रविवारी सायकलवरून हिंडले. राहनाळला तर सात वेळा गेले. त्यातच त्यांची आई दाराकडे तोंड करून पडल्या पडल्या गेली.

ते कानावर आलं तेव्हा, दहाव्याला, भाऊ आपणहून आला. राहनाळच्याच एका गोदामात हमाली करत होता.

"सात येळा आलो की रं मी तिथं," काका म्हणाले.

"ठावं हाय, दादा. तुजी सायकल दिसली की मी मागल्या दारानं जायचो."

काकांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "जेवतोस कुठं?"

भाऊ घरी राहायला आला नाही. काकांनीही पुन्हा कुणाचं काही शोधलं नाही. रविवारी मात्र राहनाळला जायचे. एकदा मीही सोबत गेलो. गोदाम अजून बरंच लांब होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी काका सारखी सायकलची घंटी वाजवत होते. कशाला, म्हणून विचारलं.

"त्याला जायचं असंल तर जाता यावं," ते म्हणाले.

त्या दिवशी तो दारातच उभा होता. दर वेळी असायचाच असं नाही.